साहेब आले

"साहेब आले रे, साहेब आले!"

मी शाळेच्या फाटकातून पाऊल आत टाकायला आणि पटांगणातली चाळीसेक पोरं एका सुरात ओरडायला एकच गाठ पडली. मी जाकिटाची वरची गुंडी लावली. तीस वर्षं बँकेच्या जाळीमागं बसून नोटा मोजणाऱ्या माणसाला 'अहो, जरा लवकर' यापलीकडं कुणी काही म्हटलेलं नसतं. त्यामुळं 'साहेब' या एका शब्दानं मी किती फुललो ते विचारू नका. हात किंचित वर केला, वर्तमानपत्रातल्या फोटोत पुढारी करतात तेवढाच. पोरं धावत माझ्याकडं आली, माझ्या डाव्या-उजव्या अंगानं पुढं निघून गेली आणि माझ्या मागून येणाऱ्या कुत्र्याला जाऊन बिलगली.

कुत्रा तांबूस. एक कान उभा, एक पडलेला. खिचडी शिजली की तो बरोबर हजर होतो, पातेल्याभोवती एक चक्कर मारतो, वास घेतो, थोडं चाखतो आणि काही न बोलता निघून जातो. अशा प्राण्याचं नाव 'साहेब' नाही ठेवायचं तर काय ठेवायचं? ते कुणी ठेवलं हे मात्र शाळेत कुणीच कबूल करत नाही. मुख्याध्यापकांनी तर मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, त्या कुत्र्याला नाव नाही." मला बाजूला घ्यायला त्यांना जरा वेळ लागला, कारण तोवर मी पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर चढलो होतो.

मला कुत्र्याची भीती वाटते. ती काही एवढी सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. पण त्या दिवशी मी त्या शाळेत गेलो होतो ते माझ्या बालकादंबरीचं वाचन करायला, आणि कादंबरीचा विषय होता, मुलं आपापले पाळीव प्राणी शाळेत घेऊन येतात. कठड्यावरून उतरताना एका पोरानं मला हात दिला. "भिऊ नका आबाजी," तो म्हणाला, "तो लेखकायले नाई चावत." हे त्याला कशावरून कळलं होतं कोण जाणे. त्याआधी शाळेत लेखक आलेला नव्हता.

कादंबरी कशी झाली ते थोडक्यात सांगतो. नातू बंगळुरूला. त्याच्या शाळेत वर्षातून एकदा 'पेट डे' असतो. त्याचा व्हिडिओ मुलीनं पाठवला. गळ्यात रिबिनी बांधलेले लॅब्रॅडोर, पिंजऱ्यात हॅम्स्टर, काचेच्या पेटीत कासव, आणि प्रत्येकाच्या हातात आपापल्या जनावराचं लसीकरणाचं कार्ड. मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला आणि माझ्या आत साहित्यिक जागा झाला. निवृत्तीनंतर काहींच्या आत गायक जागा होतो, काहींच्या आत होमिओपॅथ. माझ्या घरच्यांना वाटलं, त्या मानानं हे बरं. बावीस दिवसांत नऊ प्रकरणं हातावेगळी केली, स्वखर्चानं पाचशे प्रती छापल्या आणि त्याबरोबर शंभर व्हिजिटिंग कार्डंही, 'बालसाहित्यिक, सिंदी मेघे'. ताम्हनकरांचा गोट्या, भागवतांचा फास्टर फेणे आणि त्यानंतर मी, असा मराठी बालवाङ्मयाचा इतिहास माझ्या डोक्यात तयारच होता. मधल्या मंडळींना मी जाता जाता वगळलं होतं.

पुस्तकाचं नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात होईल. मागणी आली तर पुरवता येणार नाही असं मात्र नाही. दिवाणात चारशे एकसष्ट प्रती आहेत. थंडी पडली की बायको म्हणते, "रजया काढायच्या हायेत, आधी तुमचं साहित्य बाहेर काढा."

प्रस्तावना मीच लिहिली, सात पानांची. त्यातली चार पानं 'प्रस्तुत कादंबरी आणि नई तालीम' यावर होती. आता वर्ध्याच्या माणसानं शाळेवर लिहायचं आणि गांधीजींना आणायचं नाही हे कसं शक्य आहे? १९३७च्या ऑक्टोबरात शिक्षण परिषद भरली ती वर्ध्यात. तिथं झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि मुलाला पुस्तकाआधी हाताचं काम शिकवा हा विचार देशभर 'वर्धा योजना' म्हणून गेला. त्या थोर परंपरेला मी माझ्या हॅम्स्टरची शेपटी बांधून टाकली. हॅम्स्टरला शेपटी जवळजवळ नसतेच हे मला पुस्तक छापून झाल्यावर कळलं.

उरलेली तीन पानं मेरीच्या कोकरावर. आपल्या इंग्रजी शाळांत ज्युनिअर केजीपासून घोकवतात ते गाणं १८३० साली अमेरिकेतल्या सारा जोसेफा हेल या बाईंनी छापलं. मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावचे लोक सांगतात की आमच्याच मेरी सॉयरच्या मागं कोकरू शाळेत गेलं होतं; गावात त्यांनी कोकराचा पुतळाही उभारलाय. एडिसननं १८७७मध्ये आवाज पकडायचं यंत्र केलं तेव्हा त्यात पहिल्यांदा म्हणून पाहिलं तेही हेच गाणं. म्हणजे एडिसनच्या यंत्रात पहिला आवाज अडकला तो शाळेत गेलेल्या कोकराच्या बातमीनं. हे सगळं मी फार रंगवून लिहिलं. पण त्या गाण्यात पुढं मास्तर कोकराला शाळेबाहेर काढतात, ही एवढी गोष्ट मला महत्त्वाची वाटली नाही.

तर वाचन. चौथीचा वर्ग. श्रोते टिकावेत म्हणून मी गोरसपाकाची दोन पाकिटं नेली होती. वर्ध्याचा माणूस बाहेरगावी निघाला की त्याच्या पिशवीत गोरस भांडारातला गोरसपाक असतोच. साजूक तुपाच्या त्या बिस्किटानं आजवर किती सोयरिकी सांधल्या असतील. माझी कादंबरीही सांधली जाईल असा माझा हिशेब. पहिलं प्रकरण संपलं, मी चष्मा पुसला आणि 'काही शंका?' असं विचारलं. लेखक हे विचारतो तेव्हा त्याला शंका नको असतात, टाळ्या हव्या असतात. दोन लाल रिबिनीवाली एक पोट्टी उभी राहिली.

"आबाजी, हॅम्स्टर म्हंजे उंदीरच ना?"

"उंदरासारखा. पण परदेशी असतो."

"मंग त्याले आमच्या कोठीत सोडलं तर परदेशी गहू खाईन का आपलाच खाईन?"

वर्गात खसखस पिकली. मी म्हटलं, "तो पिंजऱ्यात असतो बाळ."

"उंदीर आमच्याकडं बी पिंजऱ्यातच असते," मागच्या बाकावरून कुणी तरी म्हणालं. "पण सकाळी बाबा त्याले नाल्यापाशी सोडून येते. शाळेत नाई आणत."

तिसऱ्या प्रकरणात नायक पोपट घेऊन शाळेत येतो. हे प्रकरण माझं लाडकं. पोपट बाईंची नक्कल करतो वगैरे. एका मुलानं शांतपणे हात वर केला आणि सांगितलं की पोपट पाळायला बंदी आहे, त्याच्या मामाकडचा जंगलखात्यानं नेला. मी घरी येऊन पाहिलं. पोरगं खरं बोलत होतं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. आपल्याकडचा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हाच आहे. पाचव्या प्रकरणातलं चांदण्यांच्या पाठीचं कासव, तेही त्याच कायद्यात. म्हणजे माझा दहा वर्षांचा नायक तिसऱ्या प्रकरणात एकदा आत गेला, जामिनावर सुटून आला असं धरलं तरी पाचव्यात पुन्हा गेला, आणि नवव्या प्रकरणात मी त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या हस्ते बक्षीस दिलं होतं.

बकरीबद्दल तर विचारूच नका. माझ्या सहाव्या प्रकरणातली बकरी फळ्यावरचा खडू खाते. सगळा वर्ग हळहळला, माझ्यासाठी. बकरी काय खाते आणि काय सोडते यावर तिथं जी चर्चा झाली, तेवढी अभ्यासू चर्चा मी कुठल्या साहित्य संमेलनात ऐकलेली नाही. (२०२३च्या फेब्रुवारीत शहाण्णवावं संमेलन आमच्या वर्ध्यातच भरलं होतं. तिन्ही दिवस मी स्वावलंबी विद्यालयाच्या मैदानावर होतो. खिशात शंभर कार्डं घेऊन गेलो, अठ्ठ्याण्णव परत आणली. एक पार्किंगच्या पावतीवाल्यानं घेतलं, मागं हिशेब लिहायला. दुसरं पडलं असावं.) शेवटी एका पोरानं पुस्तकाची एक प्रत मागून घेतली. मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी तो ती परत घेऊन आला, म्हणजे कव्हर परत घेऊन आला. आतलं सगळं बकरीनं खाल्लं होतं, प्रस्तावनेसकट. चकचकीत कव्हर तिनं चाटून सोडून दिलं, त्यावर माझा फोटो होता.

"पाहा आबाजी," पोरगा म्हणाला, "कागद खाते. प्लास्टिक लावलेलं नाई खात." पुरावा आणून द्यायची ही पद्धत झाकीर हुसेन समितीला आवडली असती.

पण माझं खरं पानिपत केलं ते पुन्हा त्या लाल रिबिनींनी. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "याच्यात नंदी काऊन नाई?"

"नंदी लाकडाचा असतो. तो पाळीव प्राणी नव्हे."

"पण आम्ही शाळेत तोच तर नेतो."

आता इथं मला थोडं वाहवत जाऊ द्या. संपादकांना नंतर काय कापायचं ते कापू दे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला पोळा माहीत असतो, तान्हा पोळा माहीत नसतो, आणि त्याला तो माहीत नाही याचं मला लहानपणापासून वाईट वाटत आलंय. अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा. आदल्या दिवशी खांदशेकणी, मग आंघोळ, शिंगांना रंग, बेगड, मठाट्या, झूल, आखराजवळ तोरण आणि झडत्या. दुसऱ्या दिवशी लेकरांचा. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघूजीराजांनी १८०६ साली हा सुरू केला असं नागपुरात सांगतात. सागवानाचा बैल, खाली पाटा, पाट्याला चार चाकं, नाकात वेसण, वेसणीला दोरी. तळहाताएवढ्या नंदीपासून पोराच्या डोक्यावरून जाणाऱ्या नंदीपर्यंत सगळे आकार. नागपुरात त्याच दिवशी मारबतीची मिरवणूक असते, रोगराई गावाबाहेर नेऊन जाळतात. इकडं पोरं नंदी ओढत घरोघर जातात आणि बोजारा गोळा करतात. बोजारा म्हणजे नंदीच्या निमित्तानं पोराच्या हातावर पडलेले पैसे. बँकेत मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या, पण पैसा मोजण्यातलं सुख मिळालं ते बोजारा मोजतानाच.

शाळांनी हा सण उचलला आणि त्यात स्पर्धा घातली. स्पर्धा आली की आईबाप आले. मग नंदीच्या पाठीवर 'बेटी बचाव', पोटावर 'पाणी जिरवा', शेपटीला 'प्लास्टिक टाळा'. मी असा एक नंदी पाहिलाय की त्याच्या अंगावर संदेश नसलेली जागा म्हणून फक्त डोळे उरले होते. ओढणारं पोरगं कृष्ण झालेलं, मिशी पुसट झालेली, आणि मागून बाप 'बेल्ट नीट कर, परीक्षक पाहून राहिले' असं दबक्या आवाजात सांगणारा.

परीक्षक व्हायचं ही माझी जुनी आस. कार्डं छापल्यानंतर मला फोन आला, "सर, सिंदीच्या तान्ह्या पोळ्याले परीक्षक म्हणून येता का?" आता सिंदी म्हटलं की जगाच्या डोळ्यांपुढं सिंदी रेल्वे येते. सेलू तालुक्यातली, वर्ध्याहून नागपूरला जाताना लागते ती. तिथला तान्हा पोळा नामांकित, नंदी म्हणजे घरंच चालत निघालीत असं वाटावं एवढाले. मला वाटलं, बोलावणं तिथून आलंय. माणसाला जिथून बोलावणं यावंसं वाटतं तिथूनच ते आलंय असं त्याला वाटतं. माझं गाव सिंदी मेघे. वर्ध्याला चिकटून सावंगी मेघे, पिपरी मेघे, बोरगाव मेघे अशी मेघ्यांची रांगच आहे. शिरगणतीच्या कागदावर शहर, कारभाराला ग्रामपंचायत, जिकडं काल पऱ्हाटी होती तिकडं आज लेआउट. अशा गावातही कुणी कुणाला परीक्षक म्हणून बोलावू शकतं, हे मला सुचलं नाही.

मी नवा झब्बा घालून गाडीनं सिंदी रेल्वेला गेलो. नंदी पाहून डोळे फिरले. एकेकाला दोरखंड लावून माणसं ओढत होती, लेकरं पुढं मिरवत होती. गर्दीत मी तिघांना सांगितलं की मी परीक्षक आहे. तिसऱ्या भल्या माणसानं मला सावलीत खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "संगं कोणी हाय का तुमच्या?" तेवढ्यात फोन वाजला. शाळेतल्या मॅडम. "आबाजी, तुम्ही हायेत कुठं? पोरं खोळंबली. शाळा तुमच्या घराच्या मागं तर हाय!"

संध्याकाळी परतलो तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती. माझ्या जागी समोरच्या पानठेल्यावाल्याला बसवलं होतं. त्यानं सगळ्यांत लहान नंदीला पहिला नंबर दिला म्हणे, आणि एकाही बापानं तक्रार केली नाही.

सगळ्यांत लहान नंदी म्हटल्यावर मी जरा गप्प झालो. माझाही तसाच होता. मी दुसरीत असेन. गल्लीत शेटजींच्या पोराचा नंदी कमरेएवढा, गळ्यात घुंगुरमाळ. मी बाबांपुढं हात-पाय आपटले. बाबांनी काही न बोलता वाढयाकडून एक नंदी करून आणला, वीतभर. मान आखूड, एक कान दुसऱ्याहून मोठा, चाकं डबीच्या झाकणांची. मला त्याची इतकी लाज वाटली की मिरवणुकीत मी तो शर्टाखाली लपवून चाललो. लोकांना वाटलं, पोराचं पोट दुखतंय. त्या पावसाळ्यात बाबांच्या बाजेचा एक कोपरा विटांवर होता. का, ते मी तेव्हा विचारलं नाही. बाजेचा पाया शिसवीचा होता आणि नंदीही शिसवीचा होता, हे मला जुळलं ते बाबा गेल्यावर सामान आवरताना.

असो. सांगत होतो साहेबाचं.

वाचन संपलं तरी मी त्या शाळेत जात राहिलो. शनिवारी सकाळी, गोरसपाक घेऊन. कादंबरी सुधारून लिहायची म्हणून जातो असं मी घरी सांगितलं होतं. साहेब आता माझ्या येण्याला सरावला होता, मी त्याला सरावलो नव्हतो. तो दाराशी बसे, मी खिडकीशी. नऊ वर्षांचा असताना मला कुत्रा चावला होता. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत, बेंबीच्या भोवती, रोज एक. चौदा दिवस आई मला चालवत सरकारी दवाखान्यात न्यायची. मी जायला तयार नसे, म्हणून तिनं तो वीतभर नंदी माझ्या हातात दिला. मी तो दोरीनं ओढत दवाखान्यापर्यंत नेई. रस्त्यातला मुरूम त्याच्या चाकांत अडकायचा, आई वाकून काढायची. कंपाउंडर रोज विचारायचा, "याले बी टोचू का?" आणि मी रोज नको म्हणायचो. लपवायचा नंदी त्या चौदा दिवसांत कधी उघड्यावर आला ते मला कळलंच नाही.

सांगायचं कारण, शाळेत कुत्रा असावा असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पिसाळलेला कुत्रा काय असतो ते माझ्या पोटाला माहीत आहे. २०२५च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं इथली भटकी कुत्री हलवा, आवाराला कुंपण घाला, नसबंदी आणि लस झाल्यावरही त्यांना परत तिथं सोडू नका. ते वाचून मला आधी हायसं वाटलं. मग साहेब आठवला, आणि त्या हायसं वाटण्याची लाज वाटली.

आमच्या त्या शाळेच्या भिंतीला रस्त्याच्या बाजूनं एक भगदाड होतं. पोरं त्यातूनच ये-जा करत, साहेबही. दोन पावसाळे मुख्याध्यापक त्यासाठी कागद धाडत होते. मुलींच्या संडासाचं दार निखळलं होतं, त्याचाही कागद त्याच गठ्ठ्यात. कुत्र्यांचं फर्मान आल्यावर भगदाडाला तीन दिवसांत टिनाचा पत्रा बसला. दार अजून आलेलं नाही. त्या दाराची आठवण झाली की माझा विनोद जरा आटतो. बंगळुरूच्या लॅब्रॅडोरला गळ्यात रिबीन बांधून, गाडीत बसवून शाळेत आणतात, त्याच्या नावाचं कार्ड असतं. आमच्या साहेबाला कार्ड नव्हतं. एका शनिवारी चौथीच्या पोरांनी माझ्या व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर त्याचं कार्ड करून आणलं. नाव साहेब, वर्ग सगळे, हजेरी पूर्ण. पुढच्या बाजूला 'बालसाहित्यिक, सिंदी मेघे' तसंच होतं. दोऱ्यात ओवून ते त्याच्या गळ्यात घातलं. छापलेल्या शंभर कार्डांपैकी कामी आलेलं ते एकच.

मग तपासणी आली. आवारात कुत्रं नाही ना, हे पाहायला वरून कुणी तरी येणार होतं. मुख्याध्यापकांनी पोरांना फाटकाजवळ उभं केलं. साहेब दिसला की लगेच ओरडायचं, म्हणजे त्याला बाहेर काढता येईल. मी त्या दिवशी तिथंच होतो, खिडकीशी. खिचडीला फोडणी पडली, वास सुटला आणि फाटकातून पोरं ओरडली, "साहेब आले! साहेब आले!"

मुख्याध्यापक आतून ओरडले, "हाकला त्याले! दगड नका मारू, खिचडी दाखवून बाहेर न्या!"

फाटकात गाडी उभी होती. एक पाय जमिनीवर आणि एक पाय गाडीत अशा अवस्थेत एक गृहस्थ हे ऐकत होते. दोन कर्तव्यदक्ष पोट्टे खिचडीची वाटी त्यांच्यापुढं धरून मागं मागं सरकत होते. पटांगणात इतकी शांतता पसरली की फोडणीतली मोहरी ऐकू यावी. गृहस्थांनी दुसरा पाय खाली घेतला. आत आले. पातेल्याभोवती एक चक्कर मारली, वास घेतला, थोडं चाखलं आणि काही न बोलता निघून गेले.

खरा साहेब त्या वेळी रस्त्यापलीकडं पानठेल्याच्या फळीखाली बसला होता, गळ्यात माझं कार्ड. तो आता तिथंच असतो. खिचडीच्या वेळेला उठतो, भिंतीपर्यंत येतो आणि पत्र्याच्या अलीकडं थांबतो. पोरं पत्र्याखालून वाटी सरकवतात. न्यायालयाला आवाराच्या आतलं बोलायचं होतं, वाटीचं कुठं काही लिहिलेलं नाही, असं मुख्याध्यापक मला परवा म्हणाले. नंतर ते पुन्हा म्हणाले, "सर, त्या कुत्र्याला नाव नाही."

परवाच्या शनिवारी मी सुधारलेली कादंबरी वाचायला घेतली. हॅम्स्टर काढून टाकलाय, पोपट उडवून दिलाय, कासव नदीत सोडलंय. नवव्या प्रकरणाच्या शेवटी 'बोध' म्हणून सहा ओळी होत्या, त्या मी ठेवल्या होत्या. लाल रिबिनींनी विचारलं, "हे कोणासाठी हाय?" मी खोडल्या. मग तिनं जरा थांबून, आजूबाजूला पाहून, माझ्या कानाशी येऊन विचारलं, "आबाजी, अवंदाच्या तान्ह्या पोळ्याले तुम्ही परीक्षक हाय ना?"

हाय, मी म्हटलं. या वेळी पत्ता नीट विचारून घेतलाय.

"मंग नंदीच्या जागी साहेब आणला तर चालन का?"

मी परीक्षकाचा चेहरा केला. आवारात खरा कुत्रा चालणार नाही, पण लाकडाचा काय किंवा पुठ्ठ्याचा काय, त्याला कोण अडवणार? नियम एकच. "चाकं पाहिजेत," मी म्हणालो.

ती खिडकीशी गेली. पत्र्यापलीकडं, रस्त्याच्या त्या बाजूला, पानठेल्याखाली साहेब पाय पसरून झोपला होता. तिनं त्याच्याकडं बराच वेळ निरखून पाहिलं, एका पायापासून चौथ्या पायापर्यंत.

"बसतीन," ती म्हणाली.